माह्या अंगाचं माप

मी आंजीची, वर्ध्याजवळ मोठी आंजी हाये ना, तठची. बाप ग्रामपंचायतीत कारकून होता, दिवसभर दाखले लिहे, अन् माय घरी ब्लाउज शिवे. हे पह्यलेच सांगून ठेवते ताई, काऊन का लोकायले वाटते आमच्यासारख्या बाया आभाळातून पडतात, नाई त घरात कोणी मारलं-झोडलं म्हणून अशा होतात. तसं काईच नोतं. चांगलं घर होतं, दोन टाइम वरण-पोळी होती, शाळेत माह्यं अक्षर सगळ्यायपेक्षा चांगलं होतं, मास्तर फळ्यावर सुविचार मलेच लिहाले लावे. फक्त घरचे मले पोरगा म्हणत अन् मी नोती. एवढंच. त्याच्यात कोणाचा गुन्हा नाई, माह्याबी नाई.

माह्या मायचं काम लय कडक. आंजीत कोणाच्या घरी लग्न निघालं का बाया मापाचा ब्लाउज पाठवत, म्हणजे जुना ब्लाउज द्याचा अन् म्हणाचं याच्यावरून शिव. बाकीच्या टेलरिनी शिवतबी. माय शिवत नोती. परत पाठवे. म्हणे जिले घालाचा हाये तिले पाठव, ब्लाउजाले काय समजते. एकदा एका मोठ्या दुकानदाराच्या बायकोनं गड्याच्या हाती चार ब्लाउजपीस अन् एक जुना ब्लाउज पाठवला, त मायनं तसंच गठुळं बांधून वापस केलं. लय बोंबाबोंब झाली, बाप घाबरला, म्हणे अशानं गिऱ्हाईक तोडशीन. चार दिवसानं ते बाई सोताच आली, मुकाट्यानं उभी राह्यली. अन् माय टेप लावाच्या आधी हरेक बाईले एकच सांगे, पाटलीण असो का मजुरीन असो, दम सोड व माय, हायेस तशी उभी राह्य. कारण टेप आला का बाई पोट आत घेते, छाती वर करते, खांदे मागं नेते, अन् मंग ब्लाउज बसत नाई अन् नाव टेलरचं खराब.

तिची एक वही होती, लाल पुठ्ठ्याची, अजूनबी हाये. तिच्यात गावातल्या अर्ध्या बायायचं माप. छाती, कंबर, मुंढा म्हणजे काखेचा घेर, बाही, गळा पुढून, गळा मागून. मी बाजूले बसून लिहून देऊ, अक्षर चांगलं होतं म्हणून. मी नऊ-धा वर्षाची असन, एक दिवस दुपारी कोणी नोतं, मी म्हणलं माय, माह्यं माप घे ना, अन् यात लिही. तिनं टेप पाठीवर हाणला. म्हणे पोट्ट्यायचं माप बायायच्या वहीत नसते. लागलं नाई लय, टेपच तो. पण ते वही मी डोक्यातून काढू शकली नाई, खरं सांगते.

एकोणीसची होती तवा घर सोडलं. सोडलं म्हणजे बापानं जा म्हणलं अन् मायनं थांब म्हणलं नाई. हिंगणघाटले आली, एका लेडीज टेलरच्या दुकानात कारागीर म्हणून बसली, तुरपाई, काजं, हुक. मंग मशीन. मंग कटिंग. आता हे दुकान माह्यं सोताचं हाये, बोर्डावर वंदना लेडीज टेलर लिह्यलं हाये, ते नाव मी सोता ठेवलं, आधार कार्डावरबी तेच हाये. साडी नेसाले लागली तवा गल्लीत दोन-चार महिने लोकायले लय खाज सुटली होती, मंग त्यायच्याच बायकायचे ब्लाउज माह्याकडे बसाले लागले, त खाज आपोआप गेली.

हार्मोनच्या गोळ्या मी रीतसर डॉक्टरले दाखवून घेतल्या, तीन वर्षं. त्यानं छातीले जरा आलं, पण जरासंच, तेराच्या पोरीले येते तेवढं. अन् खांदे त माह्ये बापाचे, हे रुंद. मंग मी कापूस भरे. हिंगणघाटात कापसाची काय कमी, जिनिंगच्या फाटकासमोर रस्त्यावर उडत राह्यते. अस्तराच्या गोल पिशव्या शिवल्या, त्यात भरला, बारा वर्षं तेच घातलं. उन्हाळ्यात घामानं तो कापूस असा थबथब होते, ताई, खाली पुरळ येते, अन् वाकून कटिंग करा त एक बाजू सरकून काखेत जाते. गिऱ्हाईक समोर उभं अन् मी हळूच कोपरानं जागेवर आणून राह्यली. दिवसाले धा बायायच्या अंगावर मी टेप लावते, कोणाले कुठी किती टक्स द्याचा हे मले नजरेनं समजते, अन् माह्यं सोताचं मात्र पिशवीतलं. म्हणून मी ठरवलं का ऑपरेशन करीन, आतून बसवते ते. कोण्या माणसासाठी नाई. लोकायले हे सांगून सांगून माह्यं तोंड दुखलं, कोण्या माणसासाठी नाई.

अन् तठून जे सुरू झालं ना, त्याचाच मले राग हाये, अजूनबी हाये, तुमी लिहून घ्या. जिले तिले एकच इचाराचं, किती मोठे? किती मोठे? बाजूचा झेरॉक्सवाला इचारते. गिऱ्हाईक इचारते. अबे, तुह्या बायकोचं माप मले पाठ हाये, मी कधी चौकात सांगितलं का? पुलगावची रोशनी हाये माही मैत्रीण, माह्यासारखीच, तिनं नागपूरले करून घेतलं होतं, ते म्हणे वंदे, मेहनतीचे पैसे घालून राह्यली त मोठेच घे, दिसले त पाह्यजे. तिले मोठे पाह्यजे होते, तिनं मोठे घेतले, खुश हाये, तिले शोभतेबी, ते उंच हाये. माह्यं काई म्हणणं नाई. मायले फोन केला, बाप गेल्यापासून ते महिन्यातून एकदा बोले. ते म्हणे करतच असशीन त लहान कर, कोणाले दिसू नोको देऊ. म्हणजे पाहा, एकीले दिसाले पाह्यजे, एकीले नाई दिसाले पाह्यजे, अन् मले काय पाह्यजे हे इचारणारं कोणी नाई.

गेली मी नागपूरले, रोशनीच्याच डॉक्टरकडे. मोठा दवाखाना, काच, एसी, सगळं. कार्ड देल्लं हातात तरी त्या काउंटरवरच्या पोरीनं माह्या गोळ्यावाल्या डॉक्टरच्या जुन्या फाइलीतलं, पोराचं नाव घेऊन भर गर्दीत आवाज देल्ला. उठली. काय करता. डॉक्टरनं मले दोन मिनिट पाह्यलं, ब्लाउज काढाले लावला, लांबूनच पाह्यलं, टेप नाई, काई नाई, अन् म्हणे चारशे. चारशे काय? त म्हणे सीसी. मी म्हणलं सर, हे मांसाच्या वर बसवता का खाली, कारण माह्यं काम हाताचं हाये, मी दिवसभर कैची चालवते, इस्त्री दाबते. त म्हणे ते आमच्यावर सोडा. मी म्हणलं सर, मले जरा कमी पाह्यजे. त हसला. म्हणे तुमच्या लोकांत मोठंच चालतं.

तुमच्या लोकांत! कोणते माह्ये लोक, ताई? माह्ये लोक म्हणजे आंजीचे. माह्ये लोक म्हणजे दुकानातल्या दोन पोरी अन् गिऱ्हाईक. त्या माणसानं दारातून आत येणारी मी पाह्यलीच नाई, तो रोशनीले पाहून राह्यला होता. म्हणजे मापाचा ब्लाउज दुसरीचा अन् शिवाचं माह्यं.

आता माही चूकबी सांगते, मी लपवून ठेवत नाई. घरी येऊन मी म्हणलं आपून सोताच पाहू किती म्हणजे किती. मले वाटलं सीसी म्हणजे ग्रामच. नेहमीच्या अस्तराच्या पिशव्या शिवल्या, पण कापूस हलका पडते म्हणून बाजूच्या गोठ्यातून सरकी आणली, ढोरायले चारतात ते कापसाचं बी, अन् किराण्याच्या काट्यावर अडीचशे-अडीचशे ग्राम तोलून भरली. घातलं त बाप्पा! हनुवटीपर्यंत. आरशात मी नाई, दोन गठुळे उभे. अन् हे अडीचशे, तो त चारशे म्हणून राह्यला! रातभर झोप नाई. सकाळी फोन केला त्या दवाखान्यात, म्हणलं शंभर करा. तिकडची पोरगी खिदळली, म्हणे शंभर कोणी बसवते का, मॅडम. मागून डॉक्टरचा आवाज आला, पेशंटला काही कळत नाही, येऊ दे तिला. मंग मले म्हणे तुम्ही या, तुमच्या मनासारखं करू.

मनासारखं! ऑपरेशनच्या दिवशी सकाळी उपाशीपोटी टेबलावर बसवलं, तो मागून उघडा असा झगा घालाले देल्ला, डॉक्टर आला, निळ्या पेनानं छातीवर सरासरा रेघा मारल्या अन् गेला. नर्सनं कागद पुढं केला, सही करा. मी कारकुनाची पोर हाये, वाचल्याबिगर सही करत नाई. वाचलं त चारशे. अन् कुठी बसवणार तठी लिह्यलं, डॉक्टरांच्या निर्णयानुसार. मी म्हणलं डॉक्टरले बोलवा. आला, तोंड वाकडं करून. म्हणे नंतर सगळ्याच म्हणतात मोठं पाहिजे होतं, मग दुसऱ्यांदा कापावं लागतं, तुमच्याच भल्यासाठी आहे. मी म्हणलं सर, तुमी माह्यं माप घेतलं का? म्हणे मला माप घ्यायची गरज नाही, वीस वर्षं झाली. मी म्हणलं मलेबी वीस वर्षं होऊन राह्यले, अन् मी वीस रुपयाचं अस्तरबी माप घेतल्याबिगर कापत नाई, तुमी मले कापाले निंगाले!

उतरली खाली. झगा काढून तठीच टेबलावर ठेवला, ब्लाउज घातला, साडी नेसली, माह्या त्या जुन्या कापसाच्या पिशव्या पर्समधीच होत्या, त्या आत कोंबल्या, अन् बस पकडून हिंगणघाट. रोशनी फोनवर बोंबलली, म्हणे वेडी झाली का, दोन वर्षांपासून वाट पाह्यली अन् टेबलावरून पळाली. मले वाटलं आता होत नाई आपलं. खरंच वाटलं. अन् त्या रेघा! आमी कपड्यावर खडूनं खुणा करतो, चुकलं त झटकलं का गेलं. त्या पेनाच्या रेघा चार दिवस साबण घासला तरी जात नोत्या, आंघोळ करताना खाली पाह्यलं का डोकं फिरे.

मंग पाच-सहा महिन्यानं, माह्या गोळ्यावाल्या डॉक्टरनं दुसरी डॉक्टर सांगितली, बाई हाये, तेबी नागपूरचीच. जायचं मनच नोतं. गेली. त्या बाईनं पह्यले इचारलं काय काम करता. मी सांगितलं. मंग उठून सोता टेप घेतला. मी पाहून राह्यली होती ना, माह्यं त कामच ते, टेप सरळ धरला बाईनं, तिरपा नाई. एका बाजूची रुंदी घेतली, मधातलं अंतर घेतलं, वरच्या चामडीची चिमटी धरून जाडी पाह्यली. म्हणे अंदाज घेतला का घरी काई? मी लाजत लाजत सरकीचं सांगितलं. म्हणे किती भरली? मी म्हणलं अडीचशे ग्राम. ते बाई असं हसली, असं हसली का चष्मा काढून डोळे पुसले, अन् मलेबी हसू आलं. म्हणे अहो, सरकी हलकी, वरून तिले लव, अडीचशे ग्राममधी ते केवढी होईन! सीसी म्हणजे वजन नाई, जागा. दुधाचं माप असते ना, ते भरून घ्या. तांदूळ घ्या अन् मापानं भरा. एवढंच सांगाचं होतं, ताई. एवढं एक वाक्य त्या पह्यल्या माणसाच्या तोंडून निंगालं नाई, त्याच्या पोरीले फोनवर खिदळाले मात्र येळ होता!

मंग तिनं समजावलं. म्हणे रुंदी तुमच्या हाडानं ठरते, तुमची छाती रुंद हाये, त रुंद अन् बसकं घ्याचं, उंच घेतलं त वाटी पालथी घातल्यासारखं दिसन. पुढं किती, हे तुमी ठरवा. मधात अंतर राहीन, ते मी जवळ ओढणार नाई, ओढलं त बिघडते. अन् जलमभर टिकन असंबी समजू नका, पुढं कधी बदलावं लागू शकते. मले बरं वाटलं. गोड नाई बोलली, पण खरं बोलली. वर का खाली, त म्हणे मांसाच्या वर ठेवलं त हात लवकर मोकळा होते, पण तुमची चामडी पातळ हाये, कडा दिसतीन. पुरं खाली घातलं त कडा झाकते, पण दुखते जास्त, अन् कैची दाबली का ते हलते. मी म्हणलं बाई, अर्धं अस्तर लावता येते का? वरच्या भागाले अस्तर, खाली मोकळं. ते म्हणे अगदी तसंच करता येते, वरचा अर्धा भाग मांसाखाली, खालचा मोकळा. थोडं हलन तरीबी. तुमी ठरवा.

तुमी ठरवा. मले तठीच रडू आलं. आनंदानं नाई, मले राग आला होता. अर्ध्या तासाची गोष्ट होती, एका टेपाची अन् अर्ध्या तासाची, अन् त्याच्यासाठी मी नागड्या छातीवर रेघा घेऊन घरी आली होती.

मंग मी आमच्या पद्धतीनं केलं. आमी नाई का महाग कपडा असला का पह्यले मार्किनची, म्हणजे साध्या स्वस्त कपड्याची, कच्ची शिलाई करून अंगावर घालून पाह्यतो, तसं. तांदळाच्या तीन जोड्या भरल्या, दोनशे पंचवीस, पावणेतीनशे, सव्वातीनशे. एक-एक जोडी आठ-आठ दिवस घालून दुकानात बसली. सव्वातीनशेनं वाकलं का कटिंगच्या टेबलाले टेकून राह्यले, खडू कुठी चालून राह्यला ते दिसेना. दोनशे पंचवीस माह्या बापाच्या खांद्यात हरपूनच गेले. पावणेतीनशे घातले त तिसऱ्या दिवशी मी इसरूनच गेली घातले म्हणून. सांजच्याले दुकान बंद करताना आठवलं. मंग मी बाईले फोन केला, म्हणलं पावणेतीनशे, बसके, अर्धं अस्तर. ऑपरेशनच्या दिवशी कागद वाचला. तेच लिह्यलं होतं. सही केली, चांगल्या अक्षरात.

दुखलं. खोटं नाई सांगत, लय दुखलं, सहा हप्ते हात खांद्याच्या वर नाई, कैची नाई, इस्त्री नाई, दुकान पोरीयनं सांभाळलं. अन् तिसऱ्या दिवशी माय आली. मी बोलावलं नोतं, फोनवर सांगितलं होतं फक्त. एसटीनं आली, पिशवी घेऊन, म्हणे सैपाक कोण करीन तुह्या. येणी घालून दे, पाणी तापवून दे, अन् नजर मात्र गळ्याच्या खाली येऊ देत नोती. मलेबी इचाराची हिंमत झाली नाई. तीस वर्षं बायायचे माप घेतलेली बाई, पोरीकडे पाहू शकत नोती. त्याचाबी मले राग आला होता, पण ते आली होती ना, म्हणून गिळला.

दोन महिन्यानं डॉक्टर बाईनं कैची-इस्त्रीची सगळी परवानगी देल्ली. सूज उतरली होती, जुना एकबी ब्लाउज बसत नोता. आता टेलर सगळ्यायचं माप घेते, पण सोताचं घेऊ शकत नाई, हात वर केला का टेप सरकते, पाठीमागं सरळ हाये का तिरपा दिसत नाई. मी आरशासमोर झगडून राह्यली, एक इंच इकडे, एक इंच तिकडे, चिडली, टेप फेकला. दुकानातली पोरगी म्हणे ताई, जुन्या ब्लाउजवरून वाढवून घेऊ का. अन् माय मागं बसून तांदूळ निवडून राह्यली होती, आमच्या त्याच पिशव्यायचे तांदूळ, वाया काऊन घालवा, म्हणे. ते उठली. हात पुसले. म्हणे ब्लाउजाले काय समजते. अन् पिशवीतून तिचा टेप काढला, अन् लाल वही.

माह्या समोर उभी राह्यली. पह्यल्यांदा पाह्यलं तिनं, सरळ, टेलर पाह्यते तसं, खांद्यापासून कंबरेपर्यंत. अन् मी, ताई, वीस वर्षं टेप लावणारी मी, पोट आत घेतलं, खांदे मागं नेले, श्वास धरून बसली, लहान लेकरासारखी. तिनं टेप लावला अन् थांबली. म्हणे दम सोड व माय, हायेस तशी उभी राह्य.

घेतलं माप. म्हणे मुंढा मोठा लागन, बापावर गेली तू. मंग वही मलेच देल्ली लिहाले, तिचे डोळे आता साथ देत नाई. वरच्या पानावर आंजीच्या कोणा बाईचं माप होतं. मी खाली वंदना लिह्यलं अन् छाती, कंबर, मुंढा, ते सांगत गेली तसं लिहीत गेली. अक्षर काई चांगलं नाई आलं.

हा घातलाय ना, तोच तो ब्लाउज. कैची दाबली का जरासं हलते आतून, डॉक्टर बाईनं सांगितलंच होतं, मले चालते. त्या पह्यल्या डॉक्टरचा राग गेला का म्हणान त नाई गेला, अन् मले तो घालवाचाबी नाई, कारण तठी अजून कोणीतरी पोरगी झगा घालून बसली असन अन् तो दुसरीचं माप हिच्यावर टाकून राह्यला असन. तिच्यासाठी लिहा हे. म्हणा कागद वाच, अन् नाई पटलं त उतर खाली.

बस झालं आता, मी बोलत बसली त आंधार पडीन. तुमी मघापासून डावी काख ओढून राह्यल्या, मी पाहून राह्यली हाये, कोणा टेलरनं शिवला हा ब्लाउज, मुंढा पुरा चुकवला. ठेवा तुमची वही बाजूले. या, इकडे उजेडात उभ्या राहा. पोट कायले आत घेता, ताई? दम सोडा.